बासष्ट किलो

मुकादमाच्या डोळ्यांत वजनकाटा बसवलाय, असं त्या भागातल्या सगळ्या कारखान्यांत म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. छपाईचं यंत्र असो, तिजोरी असो की जुनापुराणा बॉयलर, मुकादम त्याच्याभोवती एक फेरी मारायचा, बुटाच्या टोकाने एकदा हलकेच ढोसायचा आणि किलोंचा आकडा सांगून मोकळा व्हायचा. त्यावरून दोर ठरायचा, कप्प्या ठरायच्या, ओढायला किती माणसं लागतील ते ठरायचं. मुकादमाने आकडा सांगितला की टोळीत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, हा नियम होता. चाळीस वर्षांत तो आकडा चुकला नव्हता. एका मालकाने गंमत म्हणून तिजोरीत शिसं भरून ठेवलं, तर ती जागची हलवून बघत मुकादम म्हणाला, "साहेब, एक तर आत काहीतरी लपवलंय, नाहीतर माझं वय झालं." तेव्हा त्याचं वय होतं अठ्ठावीस.

आणि असा हा माणूस गेली तीन वर्षं स्वतःच्या बायकोला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणू शकत नव्हता. नशिबाला थट्टा करायची खोड असते, पण थट्टा कुणाची करावी याचं भान त्याला अजिबात नसतं.

ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून परत आणताना चौघांनी तिला स्ट्रेचरवरून जिन्याने वर नेलं. जिना लोखंडी, गोल फिरत जाणारा, आणि इतका अरुंद की समोरून मांजर आलं तरी एकाने माघार घ्यावी. प्रत्येक वळणावर स्ट्रेचर तिरकं करावं लागलं. दुसऱ्या वळणावर तिची शुद्ध हरपली. वर आल्यावर घोटभर पाणी पिऊन ती म्हणाली, "आता या जिन्याने मी खाली जाईन ती एकदाच, आणि तेव्हा मला काही दुखणार नाही."

त्याच वर्षी मुकादमाचा उजवा खांदा गेला. आयुष्यभर ओढलेल्या दोरांनी एकदम वसुली केली म्हणा. भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यामुळे बायकोला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात न्यायला सकाळ-संध्याकाळ शेजारची मावशी यायची. मावशी हाडापेराने दणकट आणि तोंडाने त्याहून दणकट. आली की पहिलं मुकादमाला घालवायची, "तुम्ही व्हा बघू बाहेर. लुडबुड नको." मुकादम मुकाट्याने गॅलरीत जाऊन उभा राहायचा. ज्याच्या शब्दावर टनाटनाची यंत्रं हवेत चढली, त्याला बायकोच्या पाठीखाली हात घालायची सोय नव्हती.

मग मावशी तिला गॅलरीत आणून बसवायची. तिथून गल्ली दिसायची, सरळ जाऊन उजवीकडे वळणारी. वळणापर्यंतचं जग तिच्या वाट्याचं आणि पुढचं बाकीच्यांचं. मुकादम बाहेरून आला की ती विचारायची, "वळणापलीकडे काय?"

"काय असणार? होतं तेच."

"तुम्हाला बातमी सांगायला पाठवलं तर लढाई संपली तरी कळायची नाही कुणाला." मग ती विचारायची, "तो हूक आहे का अजून?"

"आहे."

"नीट बघितलात का?"

"अगं, लोखंडाचा आहे. जातोय कुठे?"

तो हूक म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. वळणापलीकडे शिवणकारखान्याची दुमजली इमारत होती. तिथे ताडपत्र्या आणि कॅनव्हासच्या पिशव्या शिवल्या जायच्या, आणि लग्नाआधी ती तिथे कामाला होती. एकदा वरच्या मजल्यावर शिलाईचं एक अवजड यंत्र चढवायचं होतं. सव्वीस वर्षांच्या मुकादमाने खिडकीच्या वर भिंतीत लोखंडी दांडा पक्का केला, त्याच्या हुकाला कप्पी लावली आणि यंत्र वर घ्यायला सुरुवात केली. यंत्र हेलकावे खात भिंतीला आपटणार, तेवढ्यात खिडकीतून एक मुलगी कमरेपर्यंत बाहेर वाकली आणि तिने बाजूचा दोर पकडला. मुकादम खालून ओरडला, "अहो बाई, मागे सरा! बासष्ट किलो डोक्यावर आले तर माझं काय होईल?"

सगळी गल्ली फिदीफिदी हसली. मुलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण संध्याकाळी सगळे गेल्यावर ती गुपचूप कापडाचे गठ्ठे मोजायच्या काट्यावर उभी राहिली. काटा बासष्टवर थांबला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या खिडकीतून बाहेर वाकली, आणि त्या दिवशी कुठलंही यंत्र वर येत नव्हतं.

लग्नानंतर टोळीचे सगळे पट्टे तीच शिवायला लागली. यंत्राच्या पोटाखालून घ्यायचे ते रुंद कॅनव्हासचे पट्टे, दुहेरी शिवणीचे, मेण लावलेल्या दोऱ्याचे. मुकादम नव्या माणसाला सांगायचा, "दोर तुटेल, कप्पी फुटेल, पण आमच्या घरची शिवण उसवायची नाही." घरी मात्र पट्टा हातात घेऊन तो नुसतं "बरा आहे" म्हणायचा. स्तुती तोंडावर केली तर बायको शेफारते, असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. शिकवणारा गाढव असणार.

तर एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "अहो, मला कप्पीने खाली उतरवा."

मुकादमाचा चहा बशीत सांडला. "वेड लागलंय का?"

"आख्ख्या गावाची यंत्रं उतरवलीत. माझंच काय जड आहे?"

"जीव कप्पीला लावायचा नाही." हे त्याच्या उस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोराला गाठ मारायला शिकवण्याच्या आधी हे. उस्तादाने तसं होताना काय पाहिलं होतं ते त्याने कधीच सांगितलं नाही, आणि म्हणूनच मुकादम ते विसरला नव्हता.

"मला लेथचं यंत्र समजा," ती म्हणाली.

"लेथ बोलत नाही. माल हवेत असला की एकट्या मुकादमाने बोलायचं असतं."

"मग मी नाही बोलणार."

आणि खरंच ती बोलायची थांबली. वळणापलीकडे काय, हेसुद्धा विचारीना. दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज आला तेवढाच. मुकादमाला ती रडली असती तर चाललं असतं, भांडली असती तर बरंच वाटलं असतं. पण ती गॅलरीत बसून वळणाकडे बघत राहायची, आणि तो आत बसून तिच्या मानेकडे. आपण हिला या कठड्यामागे ठेवून घेतलंय आणि नियमाचं कुलूप लावलंय, असं त्याला वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी तो बाहेर गेला आणि खांद्यावर, म्हणजे डाव्या खांद्यावर, नव्या दोराचं भेंडोळं घेऊन आला.

"किती मीटर आणलात?" तिने विचारलं. दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

"भरपूर आहे," मुकादम म्हणाला.

त्याने जुन्या टोळीतले दोघे बोलावले. एक लंबू, साडेसहा फूट उंच, दारातून येताना सवयीने वाकणारा. दुसरा बडबड्या. त्याचं नाव बडबड्या पडलं कारण तो दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, त्यातले दोन चहासाठी. मावशी होतीच.

मुकादमाने बेत मांडला. चेन कप्पी नको. ती दातादाताने उतरते आणि दर दाताला हिसका देते. यंत्राला त्याचं काही नाही, पण मोडलेल्या खुब्याला ते सोसायचं नाही. त्यापेक्षा साधी कप्पी आणि एकच दोर. गच्चीवरून गर्डर बाहेर काढायचा, त्याला कप्पी. दोराच्या एका टोकाला गॅलरीत चाकाची खुर्ची, दुसऱ्या टोकाला खाली जमिनीवर लोखंडी पिंप. पिंपात पाच-पाच किलो वाळूच्या पिशव्या. पिंपाचं वजन खुर्चीपेक्षा फक्त तीन किलो कमी ठेवायचं. मग खुर्ची आपल्या पायाने खाली जाईल आणि पिंप आपल्या पायाने वर येईल. शिवाय खुर्चीला दुसरा दोर बांधून तो गॅलरीच्या खांबाला दोन वेढे देऊन लंबूच्या हातात, म्हणजे काहीही झालं तरी ती पडायची नाही.

"खुर्ची अकरा," लंबू म्हणाला. "वहिनी किती धरायच्या?"

मुकादमाने पलंगाकडे बघितलं. फेरी मारायची गरज नव्हती. "बासष्ट," तो म्हणाला.

मावशीचा कपाकडे गेलेला हात मध्येच थांबला. बडबड्याने वहिनीकडे पाहिलं आणि मग फरशीकडे. वहिनीने मान खाली घातली आणि सुईत दोरा ओवायला लागली. मुकादमाने आकडा सांगितला होता.

खुर्चीचा पट्टा तिने स्वतःच शिवला. आठ दिवस पलंगावर बसून, मेण लावून, दुहेरी शिवणीने. मुकादमाने तो हातात घेतला, शिवण ओढून पाहिली आणि म्हणाला, "आखूड झालाय. तुझ्या कमरेला पुरायचा नाही."

"पुरेल. ताणला की वाढतो."

"कॅनव्हास कधी वाढतो?"

"तुम्ही उचला, मी शिवते," ती म्हणाली.

आदल्या दिवशी चाचणी घेतली. खुर्चीत बारा पिशव्या आणि दोन किलोंचं एक वजन, बरोबर बासष्ट. पिंप रिकामं दहाचं, त्यात बारा पिशव्या, एकूण सत्तर. खुर्ची लोण्यातून सुरी जावी तशी खाली गेली. मुकादमाने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा खुर्ची जमिनीला टेकली तेव्हा तो स्वतःशीच हसला. खांदा गेला असला तरी नजर शाबूत आहे, याचा त्याला केवढा आनंद झाला होता.

सकाळी नऊ वाजता कठड्याचा एक भाग बोल्ट काढून बाजूला केला. समोरच्या गॅलऱ्यांत माणसं जमली होती. मावशीने तिला खुर्चीत बसवलं आणि पट्टा आवळला. तिने केस नीट विंचरले होते आणि तीन वर्षांनी चपला घातल्या होत्या. चपला घातल्यामुळे ती सारखी स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"माल हवेत असताना बोलायचं नाही," मुकादम म्हणाला.

"लेथ बोलत नाही," ती म्हणाली, आणि ओठांवर बोट ठेवलं.

मुकादमाने गर्डर पाहिला, कप्पी पाहिली, गाठ पाहिली, लंबूचे दोन वेढे पाहिले. मनातल्या मनात उस्तादाची माफी मागितली. मग त्याने डाव्या हाताने खुर्ची गॅलरीतून बाहेर सरकवली आणि आवाज दिला, "हां!"

खुर्ची बाहेर गेली आणि हवेत उभी राहिली.

खाली गेली नाही. वरही आली नाही. नुसती लटकून राहिली, गॅलरीपासून हातभर अंतरावर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर.

"लंबू, सैल सोड!"

"सैलच आहे, मुकादम. माझ्या हातात काही नाही."

"मग कप्पी अडकली." त्याने मान वर करून पाहिलं. कप्पीला काल तेल दिलं होतं, काल ती फिरत होती. "दोर खोबणीतून सरकला असणार. बडबड्या! खालून बघ रे, दोर कुठे घासतोय का?"

बडबड्या पिंपाशेजारी उभा होता. त्याने दोर बघितला नाही. तो वर बघत राहिला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मुकादमाच्या आकड्यानंतर तोंड उघडलं.

"कप्पी ठीक आहे, मुकादम," तो म्हणाला. "वजन नाही."

मुकादमाने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून, समोर वळणाकडे बघत, दिलेल्या शब्दाप्रमाणे ती गप्प होती. उन्हात तिचे हात दिसले. मनगटं दिसली. आखूड पट्टा दिसला, आणि पट्ट्याच्या आत पोटापाशी अजून चार बोटं जागा होती.

"काढ एक," मुकादम म्हणाला.

बडबड्याने पिंपातून एक पिशवी काढून जमिनीवर ठेवली. खुर्ची हलली नाही.

"अजून एक."

दुसरी पिशवी. खुर्ची हलली नाही. दहा किलो. मुकादमाला वाटलं, आता बास, आता हलू दे. मालाने जड व्हावं अशी प्रार्थना त्याने जन्मात कधी केली नव्हती.

"अजून."

तिसरी पिशवी. खुर्चीने थोडी चुळबुळ केली आणि पुन्हा थांबली. मुकादम कठड्याला धरून उभा होता. हे पंधरा किलो कधी गेले? तो रोज हिच्या समोर बसून चहा प्यायला. रोज हिला बघितलं. ज्या डोळ्यांना तिजोरीतलं शिसं दिसलं, त्यांना हे दिसू नये? ती त्याच्या डोळ्यांदेखत थोडी थोडी जात होती आणि तो चांगला बासष्टवर अडून बसला होता. त्याला आपल्या नजरेची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त त्याला ती हवी होती, ती कमरेपर्यंत बाहेर वाकलेली, रागाने लाल झालेली, सगळीच्या सगळी.

"मुकादम?" खालून बडबड्याने विचारलं.

"काढ," मुकादम म्हणाला.

चौथी पिशवी निघाली. पिंप जमिनीवरून अलगद सुटलं आणि खुर्ची खाली जायला लागली, कालच्यासारखीच.

मुकादम जिन्याने धावला. टोळीचा मुकादम माल टेकेपर्यंत जागा सोडत नाही, पण त्या दिवशी त्याने सोडली. तो खाली पोचला तेव्हा खुर्ची टेकली होती. वर गेलेलं पिंप खाली येऊ नये म्हणून बडबड्या दोर खुर्चीपासून सोडवून खांबाला जखडत होता. ती पाय खाली घेऊन, एक चप्पल काढून, अनवाणी पाऊल मातीवर दाबून बसली होती. पाऊल उचलायची, परत ठेवायची. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही नव्हतं.

"गरम आहे हो," ती म्हणाली. "माती गरम आहे."

मुकादमाने डाव्या हाताने खुर्ची ढकलली. उजव्या बाजूने मावशीने हात लावला, पण वळण जवळ आलं तशी मावशी म्हणाली, "मी आलेच, दार उघडं राहिलंय," आणि मागे राहिली. दार उघडं राहिलं नव्हतं. जाता जाता ती मुकादमाच्या कानाशी पुटपुटली, "मी सांगणारच होते. पण वजनात तुम्हाला कोण शिकवणार?"

वळणापलीकडे बरंच काही बदललं होतं. दोन दुकानं गेली होती, एक भिंत नवी होती, एक झाड विजेच्या तारांपर्यंत पोचलं होतं. "होतं तेच, म्हणे!" ती म्हणाली. शिवणकारखाना मात्र होता. खिडकी बंद होती, पण खिडकीच्या वर गंजलेला दांडा आणि त्याचा हूक जागच्या जागी होता. ती मान मागे टाकून त्याच्याकडे बघत राहिली. खूप वेळ बघत राहिली.

मुकादम तिच्यासमोर उकिडवा बसला. "किती आहे तुझं वजन?"

"बेचाळीस."

"तुला माहीत होतं?"

"मागच्या थंडीत डॉक्टरांना औषध ठरवायचं होतं. तुम्ही बाहेर गेला होतात. मावशी मला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिली, मग एकटी उभी राहिली."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मुकादमाने आकडा सांगितल्यावर तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे म्हणतात."

"अगं, थट्टा पुरे."

तिने हुकावरून नजर काढली आणि त्याच्याकडे पाहिलं. "आरशात मी मला ओळखू येत नाही. मावशी उचलते तेव्हा मला माझीच लाज वाटते, गाठोडं उचलावं तशी उचलते ती. आणि तुम्ही नुसतं एकदा बघितलंत आणि बासष्ट म्हणालात. अडखळलासुद्धा नाहीत. मला वाटलं, कुठेतरी तरी मी अजून तेवढी आहे. ते मी कशाला खोडू?"

मुकादमाने तिच्या पायातली चप्पल सारखी केली, उगाचच, कारण ती नीटच होती. मग तो रडला. भर रस्त्यात, उकिडवा बसून, तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकून. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे अशा नजरेने पाहिलं की कुणी थांबलं नाही.

ते परतले तेव्हा ऊन चढलं होतं. लंबूने वर दोर आवरून तयार ठेवला होता. वर न्यायचं तर आता पिंप जड हवं. मुकादमाने बडबड्याला सांगितलं, "एक पिशवी वर दे." बडबड्याने चारातली एक दोरीला बांधून वर दिली, लंबूने ती वरच्या पिंपात टाकली. बडबड्याने उरलेल्या तीनकडे बोट दाखवलं. "या ओतून टाकू?" हा त्याचा त्या दिवसाचा कितवा शब्द, ते मोजायचं भान कुणाला नव्हतं.

"नको," मुकादम म्हणाला. "जिन्याखाली ठेव. नीट तोंडं बांधून ठेव."

"आता कशाला लागतात त्या?" तिने विचारलं.

"लागतील." मुकादमाने पट्टा एकदा तपासला आणि डावा हात खुर्चीच्या बैठकीखाली धरला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या हातावर होती, आणि खुर्चीचे अकरा सोडले तर हाताला ती अगदी बेचाळीस लागली, ना कमी ना जास्त. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांना ती अजूनही बासष्टच दिसत होती.

"हां," तो म्हणाला.